पॅलेटचा वेग, क्रोनोग्राफ आणि काडतुसांचं रिलोडिंग: नाशिकच्या रेंजवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडच्या बाजूला एका तळमजल्यावर आमची दहा मीटरची छोटी रेंज आहे. तिथला एकुलता एक क्रोनोग्राफ माझ्या बॅगेत असतो, म्हणून त्याबद्दलचे प्रश्नही माझ्याच गळ्यात. दर रविवारी तेच तेच सांगून कंटाळलो आणि एकदाचं लिहून काढलं. नवीन प्रश्न आला की मध्येच कुठेतरी घुसवतो, त्यामुळे क्रमाची अपेक्षा ठेवू नका.

क्रोनोग्राफ म्हणजे नक्की काय?

बॅरलमधून सुटलेला पॅलेट (एअर गनचा शिशाचा छर्रा) किंवा गोळी किती वेगानं गेली हे सांगणारं यंत्र. आमच्याकडचा अगदी साधा आहे: लांबट डबा, त्यावर एकामागे एक दोन प्रकाशसंवेदक, मधलं अंतर ३० सेंटिमीटर. पॅलेट पहिल्यावरून गेला की त्याची सावली पडते आणि घड्याळ सुरू होतं, दुसऱ्यावर सावली पडली की बंद. अंतर भागिले वेळ, शाळेतलंच गणित.

फक्त ती वेळ फार छोटी असते. सेकंदाला १७० मीटर वेगानं जाणारा पॅलेट ते ३० सेंटिमीटर अंतर साधारण १.७६ मिलिसेकंदात संपवतो. घड्याळ तेवढं अचूक असतंच, हल्ली ती अडचण नाही. घोळ होतो तो अंतरात. संवेदकांमधलं अंतर एका मिलिमीटरनं चुकलं, तर वेगात अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. घडी घालता येणारे क्रोनोग्राफ नीट न उघडता वापरले की हेच होतं.

दादा, परदेशातले लोक घरीच काडतुसं भरतात आणि क्रोनोग्राफवर तपासतात. आपल्याला जमेल का?

नाही. हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण व्हिडिओ बघून आलेला असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्रं आणि दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, घरी काडतूस बनवण्याचा नव्हे. कलम २५ मधली शिक्षा एकदा वाचून घ्या, हौस फिटेल. आमच्या रेंजवर तर फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तूल चालतात. तिथे दारूच नाही, मग भरणार काय?

पण जिथे हे कायदेशीर आहे तिथले लोक क्रोनोग्राफ कशाला वापरतात, ते समजून घेण्यासारखं आहे. वापरलेलं पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, ते साफ करतात, साच्यात दाबून मापात आणतात, नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवतात, दारू तोलून टाकतात आणि वर गोळी बसवतात. यालाच रिलोडिंग म्हणतात. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा फरक राहतो: दारूच्या वजनात, केसच्या आतल्या जागेत, केसची मान गोळीला किती घट्ट धरते त्यात. हे सगळे फरक शेवटी एका आकड्यात उतरतात, तो म्हणजे वेग. हजार यार्डांवर .३०८ रायफलच्या वेगात ३० फूट प्रतिसेकंदाचा फरक पडला, तर गोळी वीतभर वर किंवा खाली लागते. नेम कितीही पक्का असला तरी ती वीत भरून निघत नाही.

दुसरं कारण जिवाचं आहे. चेंबरमधला, म्हणजे काडतूस पेटतं त्या जागेतला, दाब साध्या साधनांनी घरी मोजता येत नाही, वेग मोजता येतो. रिलोडिंगच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा वेग जास्त आला, तर जादाचा वेग फुकट मिळत नाही, दाबही वाढलेला असतो. अनुभवी माणूस तिथेच थांबतो. ‘वाढीव वेग मिळाला’ म्हणून खूश होणाऱ्याच्या शेजारच्या लेनमध्ये उभं राहू नये.

मग एअर रायफलला क्रोनोग्राफची गरजच काय?

खरं सांगायचं तर स्कोर वाढवायला काही नाही. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात.

हिशोब मांडून बघा. स्पर्धेची एअर रायफल साधारण ०.५३ ग्रॅमचा पॅलेट सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगानं सोडते. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सहा शतांश भाग लागतो, आणि तेवढ्यात तो १७-१८ मिलिमीटर खाली येतो. साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, लावताना हे सगळं धरलेलंच असतं. वेग एक मीटरनं कमी झाला, तर पॅलेट आणखी सुमारे ०.२ मिलिमीटर खाली लागेल. एअर रायफलच्या टार्गेटवर दशांश गुणाची एक पायरी ०.२५ मिलिमीटरची असते. म्हणजे वेगातला एक मीटरचा फरक तुमचा जेमतेम एक दशांश गुण खाईल. ज्याचे शॉट आठ आणि नऊमध्ये फिरतायत, त्यानं वेगावर डोकं खपवणं म्हणजे गळक्या माठाला नक्षी काढणं.

मग हे यंत्र ठेवायचं कशाला? तर दोष कुणाचा ते ठरवायला. मागच्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीचे शॉट तिसऱ्या सीरिजपासून (एक सीरिज म्हणजे दहा शॉट) खाली सरकायला लागायचे. तिचे प्रशिक्षक म्हणत होते श्वास चुकतोय, आई म्हणत होती झोप होत नाही, ती बिचारी दोघांचं ऐकून रडकुंडीला आलेली. मी क्रोनोग्राफ लावला. सुरुवातीचे शॉट १७२, १७१, १७२. तिसाव्या शॉटच्या आसपास १६६. चाळिसाव्याला १६१. श्वास ठीक होता, झोपही ठीक होती. तिच्या सिलिंडरचा दाबमापक अडकलेला निघाला: काटा १५० बार दाखवत होता आणि आत हवा जवळजवळ संपलेली. दहा मिनिटांत उलगडा झाला, पण त्याआधीचे दीड महिने वाया गेले होते.

किती शॉट मारायचे? तीन पुरतात का?

तीन शॉटवरून ठरवलेलं काहीही धरू नका. निदान दहा मारा.

आमच्या वहीतली एक नोंद देतो: १७१.२, १७०.८, १७१.९, १७०.५, १७१.४, १७१.०, १७२.१, १७०.९, १७१.३, १७०.९. सरासरी १७१.२. सर्वांत जास्त वजा सर्वांत कमी, म्हणजे १.६. प्रमाण विचलन, म्हणजे शॉट सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातात, ०.५. रायफल ठणठणीत आहे, मोजणं बंद करा आणि सरावाला लागा.

या तीनमधला पहिला आकडा सगळे बघतात. तिसरा बघायची सवय लावा. कमाल-किमान फरक फसवा असतो, कारण तो फक्त दोन शॉटवर उभा असतो आणि शॉट वाढवत गेलात की वाढतच जातो. प्रमाण विचलन सगळ्या शॉटना विचारात घेतं. तेही पाच शॉटवरून काढलं, तर खऱ्याच्या निम्मं किंवा दुप्पटही येऊ शकतं. परदेशी रिलोडिंगवाल्यांत एक जुनी खोड आहे: दारू थोडी थोडी वाढवत प्रत्येक वजनाचा एकेक शॉट मारायचा, आणि आलेखात जिथे वेग ‘स्थिर’ दिसतो ते जादूचं वजन मानायचं. मला त्यातलं बरंचसं ढगात हत्ती दिसण्यासारखं वाटतं. तोच प्रयोग पुन्हा करा, हत्ती दुसरीकडे दिसतो.

मीटर की एफपीएस?

काहीही, पण वहीत एकच. एफपीएस म्हणजे फूट प्रतिसेकंद. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, त्यामुळे १७१ मीटर म्हणजे साधारण ५६१ एफपीएस. अर्धी वही यात आणि अर्धी त्यात असं करू नका, मी केलंय.

क्रोनोग्राफ कसा लावायचा?

एअर रायफलसाठी बॅरलच्या तोंडापासून अर्धा-एक मीटर पुढे, पक्क्या स्टँडवर. बंदुकीच्या बाबतीत तीन मीटर किंवा जास्त अंतर ठेवतात, कारण तोंडातून निघणारा वायू आणि धक्का संवेदकाला आधीच जागा करतो. पॅलेटचा मार्ग डब्याला समांतर हवा. पाच अंशांनी तिरका गेला, तर वेग ०.४ टक्के कमी दिसतो, म्हणजे १७० ला साधारण ०.६ मीटर. मोठी चूक नाही, पण दर वेळी वेगळी तिरपी असेल तर आजच्या आकड्याची कालच्याशी तुलना करता येत नाही. म्हणून मी जमिनीवर स्टँडच्या तीन पायांच्या जागी इन्शुलेशन टेपच्या फुल्या मारून ठेवल्यात. त्या काढू नका, पुसणाऱ्या मावशींनाही सांगितलंय.

आणि आता कबुली. आमच्या क्रोनोग्राफच्या पुढच्या कडेला जो खड्डा आहे, तो माझाच. रायफलची साइट बॅरलच्या बऱ्याच वर असते. साइटमधून बघितलं तर डब्याच्या वरून टार्गेट स्वच्छ दिसत होतं, म्हणून ट्रिगर दाबला. नजर वरून गेली, पॅलेट खालून गेला. ठक्क असा आवाज आला आणि पडद्यावर एररसुद्धा नाही, नुसता काळोख. नवीन काच आणि सोल्डरिंग करून तो वाचला. तेव्हापासून नियम: पहिल्या शॉटआधी दुसऱ्या माणसानं बाजूनं वाकून बॅरलची रेघ बघायची. साइटवर विश्वास ठेवायचा नाही.

रेंजवर आकडे वेडेवाकडे का येतात? घरी तर बरोबर येत होते.

डोक्यावरचा दिवा बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, संवेदकाला कळतं. तो त्या मिणमिणण्यालाच पॅलेटची सावली समजतो आणि ४१२ किंवा ३८ असं काहीही दाखवतो. बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा संवेदकांच्या वर लावला की प्रश्न मिटतो. जुना पिवळा बल्बही चालतो, त्याची तार गरम राहत असल्यामुळे प्रकाश फारसा हलत नाही.

मी पहिला क्रोनोग्राफ ऑनलाइन मागवला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, ‘सर, बंदूक बदलून बघा.’

उघड्यावर उन्हात चालतो का?

चालतो, पण थेट ऊन संवेदकात शिरलं तर सावली ओळखता येत नाही. सोबतच्या पांढऱ्या छत्र्या त्यासाठीच असतात. एकसारखं ढगाळ आकाश सर्वांत उत्तम. म्हणजे पावसाळ्यात, पाऊस नसताना.

पॅलेट वजन करून निवडावेत का?

एकदा करून बघा. स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही, मिलिग्रॅम दाखवणारा हवा. मी पहिल्यांदा डबा घेऊन सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर गेलो होतो. त्यांनी सोन्याच्या काट्यावर चिमट्यानं एकेक पॅलेट ठेवला, आणि मागं उभं असलेलं गिऱ्हाईक विचारत होतं, हा कोणता खडा आहे. पन्नास पॅलेटमध्ये सर्वांत हलका ०.५२६ आणि सर्वांत जड ०.५३५ ग्रॅम निघाला. चांगल्या डब्यात एवढाच फरक असतो.

वजन एक टक्का वाढलं तर वेग साधारण अर्धा टक्का कमी होतो, कारण ऊर्जा जवळजवळ तेवढीच राहते. पण स्पर्धेच्या डब्यात त्याहून महत्त्वाचं असतं ते पॅलेटची कडा वाकलेली नसणं. ते काट्याला कळत नाही. शिशाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, विशेषतः बाहेर मिसळ खायला जाण्याआधी.

थंडीत वेग कमी होतो का?

स्प्रिंगच्या एअर गनमध्ये हो, थोडा. आतलं ग्रीस घट्ट होतं. निफाडकडून एक जण डिसेंबरात पहाटे येतो, त्याच्या स्प्रिंग गनचे पहिले काही शॉट नेहमी मंद असतात. दहा-पंधरा शॉटनंतर ती माणसात येते.

भरलेल्या हवेच्या, म्हणजे पीसीपी रायफलचं वेगळं आहे. ४० अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर १० अंशांवर सुमारे १८१ बार दाखवेल. हवा गळलेली नाही, फक्त थंड झाली आहे. रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला ठरावीक दाबाची हवा देणारा भाग, ठीक असेल तर वेगावर याचा परिणाम जाणवायला नको. उलटी बाजू जास्त महत्त्वाची: थंडीत काठोकाठ भरलेला सिलिंडर मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. मर्यादा ओलांडते, आणि ती मर्यादा शोभेसाठी छापलेली नसते.

बंदुकीच्या दारूवरही तापमानाचा परिणाम होतो. गरम दारू जोरात जळते. म्हणून रिलोडिंगवाले वेगासोबत तापमानही लिहितात. आपणही लिहावं.

थोडा वेळ थांबल्यावरचा पहिला शॉट जोरात का जातो?

रेग्युलेटर झिरपतोय. सील झिजलं की थांबलेल्या वेळात पुढच्या कप्प्यात हवा हळूहळू जमते आणि दाब वाढतो. तपासायची पद्धत सोपी: पाच शॉट मारा, दहा मिनिटं चहा घ्या, सहावा मारा. तो तीन-चार मीटरनं जास्त आला तर सर्व्हिसिंगला द्या. स्वतः उघडू नका, आत दाब असतो.

हातपंपानं हवा भरली तर?

चालेल, पण पावसाळ्यात पंपाचा ओलावा काढणारा भाग वेळेवर बदला. श्रावणातली हवा दाबली की तिच्यातलं पाणीही दाबलं जातं, आणि ते आत जाऊन बसतं.

मोबाइलचं ॲप चालतं का?

चकित होण्याइतकं बरं चालतं. मोबाइल तुमच्याजवळ ठेवायचा, तो पॅलेट सुटल्याचा आणि टार्गेटवर आपटल्याचा आवाज ऐकतो आणि मधल्या वेळेतून आवाज परत यायची वेळ वजा करतो. मात्र येणारा आकडा दहा मीटरची सरासरी असतो, तोंडाजवळचा वेग नव्हे. चपट्या डोक्याचा पॅलेट तेवढ्या अंतरात चांगलाच मंदावतो.

आणि ॲपमध्ये तापमान नीट भरा. आवाज १५ अंशांना सेकंदाला ३४० मीटर जातो, एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना ३५४. ते न बदलता मोजलं तर वेग तीन मीटरनं जास्त दिसतो, आणि तुम्हाला वाटतं रायफल उन्हाळ्यात जोमात आली.

रडारवाला घ्यावा का?

पैसे असतील तर छान. बाजूला ठेवायचा, पॅलेटला कशातूनही जावं लागत नाही, दिव्याची कटकट नाही आणि मला घडलं तसं घडत नाही. गार्मिनचा छोटा रडार क्रोनोग्राफ २०२३ मध्ये आला आणि परदेशातल्या रेंजवरचं चित्र बदललं. पण फक्त दहा मीटर मारणाऱ्यानं तेवढ्या पैशात पॅलेट आणि कोचिंग घ्यावं, असं माझं मत.

माझी एअर गन कायद्यात बसते का, हे यावरून कळेल का?

अंदाज नक्की येईल. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर गनला परवाना लागत नाही. ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं, वजन किलोग्रॅममध्ये धरून. ०.५३ ग्रॅम आणि १७१ मीटर घेतले तर ७.७ जूल येते. स्पर्धेची रायफल मर्यादेच्या खूप आत आहे. त्याच पॅलेटला २० जूल गाठायला सेकंदाला २७५ मीटर लागतात, म्हणजे ९०० एफपीएस. जाहिरातीत ‘१००० एफपीएस’ वाचलं की वजन विचारा. बहुधा तो आकडा पिसासारख्या हलक्या पॅलेटचा असतो. गच्चीवर मारायला हा आकडा परवानगी देत नाही, हे वेगळं सांगायला नको; पण सांगतो, कारण विचारलं गेलंय.

द्राक्षबागेत पाखरांसाठी किती वेग पुरेल?

जाळी लावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आहे, आणि या प्रश्नाला मी आकडा देत नाही.

.२२ वाले तर मोठ्या स्पर्धा खेळतात. तेही रिलोड करतात का?

नाही, आणि करताही येत नाही. .२२ चं काडतूस रिमफायर असतं. पेटणारं मिश्रण केसच्या काठातच भरलेलं असतं आणि फायरिंग पिननं तो काठ चेपला की केस बाद. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, तो प्रकार याच काडतुसाचा. तिथे भरण्याऐवजी निवडतात: वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेली, काडतुसं आपल्याच बॅरलमधून मारून कोणता लॉट जमतो ते बघायचं आणि तोच साठवायचा. एली कंपनीच्या वरच्या दर्जाच्या डब्यांवर लॉट क्रमांकासोबत वेगही छापलेला असतो. तो आकडा त्यांच्या चाचणीच्या बॅरलचा; तुमच्या बॅरलला तो जुळेलच असं नाही.

देवळालीला तोफांचा वेगही असाच मोजतात का?

तत्त्व तेच. देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी असल्यामुळे नाशिककरांना हा प्रश्न पडतोच. तोफेची नळी झिजत गेली की तोंडाजवळचा वेग घटतो आणि गोळा अलीकडे पडतो, म्हणून वेग मोजून हिशोब दुरुस्त करावा लागतो. हल्लीच्या तोफांवर त्यासाठी रडार बसवलेलं असतं, आपल्या धनुष तोफेवरही आहे.

यंत्र नव्हतं तेव्हा काय करायचे?

लोलक. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२ मध्ये ही पद्धत मांडली: टांगलेल्या ठोकळ्यात गोळी मारायची, तो किती झुलला ते मोजायचं, आणि त्यावरून वेग काढायचा.

आपल्याकडे गणपतीनंतर उरलेली शाडूची माती आहे ना? तिचा २०० ग्रॅमचा गोळा मीटरभर दोऱ्याला टांगा. १७१ मीटर वेगाचा पॅलेट त्यात रुतला, तर गोळा फक्त एक सेंटिमीटर वर उचलला जाईल, पण आडवा मात्र १४ सेंटिमीटर सरकेल, आणि ते पट्टीनं सहज मोजता येतं. इंजिनिअरिंगच्या दोन मुलांनी हे रेंजवर, मागे पॅलेट ट्रॅप लावून केलं. त्यांचं उत्तर क्रोनोग्राफपेक्षा चार टक्के कमी आलं. माती ओली होती, वजन सकाळी केलं होतं आणि शॉट दुपारी मारले, तोवर ती सुकली. हलका झालेला गोळा जास्त झुलायला हवा, उत्तर जास्त यायला हवं. मग कमी का आलं, यावर दोघांचं अजून भांडण चालू आहे. माझा संशय दोऱ्याच्या गाठीवर आहे.

क्रोनोग्राफ घरी न्यायला मिळेल का?

नाही. रविवारी सकाळी आठ ते दहा, रेंजवरच. नऊ व्होल्टची बॅटरी स्वतःची आणा, माझ्या दोन गेल्यात.